आधी शोधा, मग बदला

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातली दुपार. पारा ४३ च्या पुढं. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात सिग्नल सुटतो आणि नेमकी आपलीच दुचाकी बंद पडते. बटण दाबलं की नुसतं टिक-टिक. अशा वेळी माणूस घाम पुसत, गाडी ढकलत, दिसेल त्या पहिल्या गॅरेजात शिरतो. मीही शिरलो.

तिथल्या माणसानं बटण दाबून पाहिलं आणि सांगितलं, "बॅटरी गेली." दहा मिनिटांत नवी बॅटरी बसली, गाडी एका दमात सुरू झाली. मी खूश. नवव्या दिवशी पुन्हा तेच. परत गेलो, तर म्हणे आता सेल्फची, म्हणजे बटणावर गाडी सुरू करणारी, मोटर बदलून बघू.

बघू! माझ्या पैशानं.

मग शेजाऱ्यांनी साखर पेठेतल्या एका वयस्कर मेस्त्रींकडं नेलं. त्यांनी आधी विचारलं. कधीपासून होतंय? सकाळी, की गाडी तापल्यावर? हॉर्न बारीक वाजतो का? मग मीटर काढून बॅटरीला लावला, किक मारून रेस दिली. चार्जिंग नीट होत असेल तर आकडा १४ व्होल्टच्या आसपास चढतो. आमचा १२ वरून हलेना. "मालक, बॅटरी चांगली आहे हो. तिला जेवणच मिळत नाही." इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून करंट येतोय हे तपासलं आणि मगच रेग्युलेटरवर, म्हणजे ती वीज बॅटरीला बेतानं देणाऱ्या भागावर, बोट ठेवलं. जुना रेग्युलेटर काढून माझ्या हातात दिला.

तेव्हापासून मेस्त्री पारखताना मी एकच गोष्ट पाहतो. आधी प्रश्न येतो, की आधी पाना?

आणि ही पारख गाडी बंद पडायच्या आधीच करून ठेवा. ऑइल बदलणं, चेन ताणणं, ब्रेक शू टाकणं, अशा लहान कामांना जा आणि तिथं उभे राहा. ऑइलचा डबा तुमच्यासमोर फोडतात का? कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल आहे का? जुने ब्रेक शू दाखवतात का? लायनिंग झिजलेलं आपल्याही डोळ्यांना दिसतं. इंजिन उघडायचं असेल तर आधी अंदाजे खर्च कागदावर घ्या, आणि जास्त काही निघालं तर फोन केल्याशिवाय पुढं जाऊ नका असं सांगा. चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही. बिलही मागून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण हातात कागद हवा.

कुणाला विचारायचं? रिक्षावाल्यांना. ज्याची चूल गाडीवर पेटते, तो वाईट मेस्त्रीकडं दुसऱ्यांदा जात नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम सक्तीचे झाले, बहुतेक दुचाकींचा पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला आणि सेन्सर आले. आता गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लागतो, हे खरं. पण स्कॅनरनं कोड दाखवला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. वायर तुटली, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, तरी तोच कोड येऊ शकतो. कोड वाचून थेट सेन्सर बदलणारा आणि कोड वाचून आधी वायर तपासणारा, यांच्यात फरक करायला शिका.

एक गोष्ट मात्र आपल्याकडून चुकते. डॉक्टरांना आपण तपासणीची फी देतो. मेस्त्रीनं अर्धा तास दोष शोधला, तर "नुसतं बघितलं तर आहे" म्हणून निघतो. मग त्यानं कमवायचं कशातून? सामान बदलण्यातूनच. बदलायची घाई अशीही तयार होते.

म्हणून मी आता गाडी लावतानाच सांगतो, "मेस्त्री, आधी शोधा. शोधायचे पैसे वेगळे देतो." सुरुवातीला साखर पेठेतले मेस्त्री नको नको म्हणाले. आता घेतात. परवा मुलाच्या गाडीतून खडखड येत होती म्हणून नेली. गाडी घेऊन ते एक चक्कर मारून आले, खाली वाकले, मडगार्डचा ढिला स्क्रू आवळला. तपासणीचे पन्नास रुपये घेतले. सामान काहीच लागलं नाही.

नमस्कार.