सोनपितळ म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी. आज एका शब्दाबद्दल बोलूया, एकच शब्द, पण त्याने भल्याभल्यांना दमवलंय.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या पहिल्याच अध्यायात, ते लिहिणाऱ्या योहानाला दर्शन होतं. पात्म बेटावर तो आहे, मागून कर्ण्यासारखा आवाज येतो, वळून बघतो तर सात समयांच्या मधे कोणीतरी उभं, केस लोकरीसारखे पांढरे, डोळे ज्वालेसारखे, आणि पाय? मराठी बायबलात शब्द आहे सोनपितळ, भट्टीत तापवलेल्या सोनपितळेसारखे पाय. वाचताना आपण पुढे निघून जातो, काहीतरी चकाकणारं असेल असं धरून. पण मूळ ग्रीकमधे जो शब्द आहे ना, खाल्कोलिबानोन, तो योहानाच्या आधीच्या कुठल्याच ग्रीक पुस्तकात सापडत नाही. बायबलात दोनदाच येतो, दोन्ही वेळा ह्याच पुस्तकात.

आता तुम्ही म्हणाल, तोडून बघा की शब्द. बघितलाय लोकांनी. खाल्कोस म्हणजे तांबं, किंवा तांब्याचा मिश्रधातू, कांसं पितळ सगळं त्यातच आलं. आणि लिबानोस म्हणजे ऊद, तो धूप जाळायचा. म्हणजे काय, उदाच्या रंगाचं पितळ? पिवळसर, मधासारखं? लिबानोस हेच लबानोन डोंगराचंही नाव, म्हणून जुन्या सिरियाक भाषांतरात लबानोनचं पितळ असं केलंय. लॅटिनवाल्यांनी ऑरिखाल्कम लिहिलं, त्यात त्यांना ऑरम म्हणजे सोनं ऐकू आलं, खरं तर तो शब्द ग्रीक ओरेइखाल्कोसवरून आलेला, डोंगरी तांबं, सोन्याचा काही संबंध नाही! 1611 च्या इंग्रजी बायबलात नुसतं उत्तम पितळ. आणि दहाव्या शतकातला सुदा नावाचा बायझंटाइन कोश म्हणतो की ही सोन्याहून मौल्यवान वस्तू आहे, सोनं, काच आणि रत्नं मिसळून केलेली. मला विचाराल तर कोशकारालाही माहीत नव्हतं, पण सांगायला झकास.

बरं, योहानाला साधा शब्द येत नव्हता असंही नाही. अठराव्या अध्यायात व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे, त्यात तो सरळ खाल्कोस लिहितो. पौलाच्या पत्रात वाजणारी थाळी किंवा झणझणणारी झांज असं वाक्य आहे ना, त्यातली थाळीही मुळात खाल्कोसच, आणि मार्कच्या शुभवर्तमानात कमरपट्ट्यातले पैसेही खाल्कोस. म्हणजे रोजचा शब्द हाताशी होता आणि तरी पायांसाठी त्याने हा वेगळा उचलला.

का उचलला ह्याचं एक उत्तर मला फार पटतं. ह्या पुस्तकात सात गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांना सात पत्रं आहेत, आणि हा शब्द दुसऱ्यांदा येतो तो थुवतीरा गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. आजच्या तुर्कस्तानातलं अखिसार म्हणजे हे गाव, सात पत्रांत सगळ्यात लांब पत्र ह्यांना. कारागिरांचं गाव होतं, तिथल्या जुन्या शिलालेखांत रंगारी, चांभार, कुंभार, आणि हो, तांब्या-पितळेचं काम करणारे, ह्या सगळ्यांच्या संघांची नावं आहेत. बायबलातली जांभळी वस्त्रं विकणारी लुदियाही ह्याच गावची. तर काही अभ्यासकांचं म्हणणं असं की खाल्कोलिबानोन हा तिथल्या भट्टीवरचा धंद्याचा शब्द असावा, पुस्तकात न आलेला. पुण्याच्या तांबट आळीत मठार म्हणतात, तांब्यावर हातोडीने ठोके देत जायचं काम, तो शब्द आळीबाहेर किती जणांना माहितीये? तसंच.

आणि पितळ करणं सोपं काम नव्हतं हो. जस्त सुमारे 907 अंशाला उकळून वाफ होतं आणि तांबं वितळतं 1085 ला, म्हणजे उघड्यावर दोन्ही एकत्र तापवलं तर जस्त उडून जाणार. म्हणून जुने कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत भरून तापवायचे, वाफ बाहेर पडू द्यायची नाही, तीच तांब्यात मुरायची, आणि लाल तांबं सोन्यासारखं पिवळं होऊन निघायचं. ज्याने हे रोज बघितलंय त्याला भट्टीतले पाय म्हटल्यावर काय दिसलं असेल विचार करा. आणि हे पुस्तक ऐकायचंच होतं बरं का, सुरुवातीलाच म्हटलंय, वाचून दाखवणारा धन्य आणि ऐकणारे धन्य. एक वाचणार, बाकीचे ऐकणार. रेडिओच की.

जाता जाता एक गंमत. ग्रीकमधे ह्या शब्दाला जोडून जे तापवलेल्या असं विशेषण आहे ना, ते स्त्रीलिंगी, आणि विभक्तीही जुळत नाही. व्याकरणात सरळ अडखळतंय. नंतर नकला करणाऱ्यांनी आपापल्या परीने ते दुरुस्तही करून टाकलं, कोणी पायांशी जुळवलं तर कोणी धातूशी. आपण हसायला नको, आपल्याकडेही लिंगाचा असाच घोळ, पितळ उघडं पडतं आणि भांडी मात्र पितळेची.