आगबोटींचे कारभारी: आर्देशीर खर्शेदजी वाडिया

ही मुंबईची गोदी. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथं आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. पडद्यावर दिसतेय ती ‘ट्रिंकोमाली’. १८१७ साली सागवानातून याच गोदीत घडली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

६ ऑक्टोबर १८०८ रोजी याच घराण्यात आर्देशीर खर्शेदजी जन्मले. घरची विद्या लाकडाची, त्यांचं मन मात्र वाफेवर जडलं.

१८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. बांधणी वाडियांची, इंजिनं विलायतेची! आर्देशीरांनी एक अश्वशक्तीचं इंजिन स्वतः घडवलं आणि त्यावर विहिरीचं पाणी उपसून दाखवलं. १८३३ मध्ये ‘इंडस’ ही छोटी बोट पाण्यात सोडली. पुढच्या वर्षी माझगावचा त्यांचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. १८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले, इंजिनांचे कारखाने आतून बघायला.

आता हा बॉयलरचा पत्रा जवळून पाहा. रिव्हेटांच्या रांगा, आणि कडेला साचलेला पांढरा थर. त्या काळी आगबोटींचे बॉयलर समुद्राच्याच पाण्यावर चालत. पाणी आटलं की मीठ आणि क्षार पत्र्याला चिकटत. थर जाड झाला की आगीची धग पाण्यापर्यंत पोहोचेना. पत्रा तापून लाल व्हायचा, फुगायचा, कधी फाटायचा. म्हणून भर समुद्रात थोड्या थोड्या वेळानं खारं पाणी बाहेर सोडावं लागे. बंदरात आल्यावर माणसं बॉयलरच्या पोटात शिरून छिन्नी-हातोडीनं खपल्या काढत. गंजलेला पत्रा कापायचा, नवा ठोकून बसवायचा, ओतशाळेत झिजलेले भाग नव्यानं ओतायचे. आगबोट पुन्हा समुद्रात जायची ती या कामगारांच्या जिवावर. नौकानयनाच्या इतिहासात कप्तानांची नावं ठळक छापली जातात. बॉयलरमध्ये शिरलेल्यांची नाहीत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीत ही सगळी कामं चालत. १ एप्रिल १८४१ रोजी आर्देशीर तिथं मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून रुजू झाले. हाताखाली गोरे फोरमन, गोरे इंजिनियर, गोरे बॉयलरकार. आणि हुकूम एका हिंदी माणसाचा. मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्रानं या नेमणुकीवर उघड नापसंती छापली. उत्तर कारखान्यानं दिलं: सोळा वर्षं तो त्यांनीच चालवला.

रुजू झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच, २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेनं त्यांना फेलो, म्हणजे मानाचे सदस्य, निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, १९१८ साली.

१८५७ मध्ये आर्देशीर निवृत्त झाले. पुढे सिंधमध्ये कोटरीला त्यांनी सिंधू नदीवरच्या आगबोटींचं काम पाहिलं. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडात रिचमंड इथं ते वारले. भारताच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं ते १९६९ मध्ये.