आधी विचारा, गट कसे पाडले?

नमस्कार! संशोधन पद्धती हा धडा म्हणजे व्याख्यांची घोकंपट्टी, असं मानसशास्त्राचे बरेच विद्यार्थी धरून चालतात. मला मात्र अख्ख्या अभ्यासक्रमात हाच भाग सगळ्यात जिवंत वाटतो. म्हणून आज यादी नाही. एकच प्रयोग नीट उलगडून बघू, बाकीचं ओघात येईल.

साल १९७४. अमेरिकेतले संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर. त्यांनी १५० विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची एक छोटी फिल्म दाखवली आणि मग प्रश्नावली दिली. ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग साधारण किती होता? दुसऱ्या ५० जणांना हाच प्रश्न, पण शब्द सौम्य: गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? उरलेल्या ५० जणांना वेगाबद्दल काही विचारलंच नाही.

आठवड्याने सगळे परत आले. फिल्म पुन्हा दाखवली नाही, फक्त नवे प्रश्न दिले. त्यातच एक प्रश्न होता: फुटलेली काच दिसली का?

फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच! तरी 'जोरात आदळल्या' हे शब्द वाचलेल्या गटातले १६ जण 'हो' म्हणाले. 'धडकल्या' वाचलेल्या गटातले ७. आणि वेगाचा प्रश्न न विचारलेल्या गटातले ६.

आता जरा थांबा आणि त्या ६ कडे बघा. हा नियंत्रित गट. परीक्षेत आपण 'नियंत्रित गट म्हणजे ज्याला उपचार दिला जात नाही तो गट' असं लिहून मोकळे होतो (इथे उपचार म्हणजे वेगाचा तो प्रश्न). पण तो नसता तर काय झालं असतं? 'धडकल्या' या शब्दानेही ७ जणांची आठवण बिघडली, असं आपण म्हणून बसलो असतो. या तिसऱ्या गटामुळे कळतं की यातला कुठलाही शब्द न वाचतासुद्धा जवळजवळ तितकेच लोक काच पाहिल्याचं सांगतात. म्हणजे खरा फरक पडला तो 'जोरात आदळल्या'मुळे.

इथे एक शंका यायलाच हवी. त्या ५० जणांत मुळातच घाबरट किंवा पटकन 'हो' म्हणणारे जास्त असले तर? याचं उत्तर म्हणजे यादृच्छिक वाटणी. कोण कुठल्या गटात जाणार हे संशोधक ठरवत नाही, सहभागीही ठरवत नाही. चिठ्ठी ठरवते. त्यामुळे घाबरट, धीट, विसरभोळे, चौकस असे सगळे लोक तिन्ही गटांत साधारण सारखे विखुरतात. आपण ज्यांचा विचारही केला नाही असे गुणसुद्धा विखुरले जातात, आणि मला ही कल्पना फार सुंदर वाटते. उरतो तो फक्त योगायोगाचा प्रश्न, त्यासाठी संख्याशास्त्र आहे.

यादृच्छिक नमुना निवड, म्हणजे मुळात अभ्यासात कोणाला घ्यायचं हे चिठ्ठीने ठरवणं, ही वेगळी गोष्ट, घोळ करू नका. नमुना निवडीवरून ठरतं की निष्कर्ष कोणाला लागू करायचा. वाटणीवरून ठरतं की 'यामुळे ते घडलं' असं म्हणता येईल का. वरच्या प्रयोगातले सगळे विद्यार्थीच होते, म्हणून तो निष्कर्ष सरसकट सर्व वयाच्या लोकांना लावताना जपून.

पण चिठ्ठी टाकणं दरवेळी शक्य नसतं. लहानपणी झालेल्या छळाचा परिणाम अभ्यासायचा म्हणून कोणी मुलांचा छळ करणार नाही. तिथे सहसंबंध (दोन गोष्टी सोबत बदलतात का हे बघणं), मुलाखती, निरीक्षण आणि व्यक्ती-अभ्यास (एकाच माणसाचा खोलवर अभ्यास) कामी येतात. हेन्री मोलायसन यांचंच बघा. १९५३ मध्ये फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची क्षमता जवळपास गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय हे त्यांना आठवेना! कौशल्याची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती वेगळी, हे एका माणसाच्या अभ्यासाने इतक्या ठळकपणे दाखवलं. त्यामुळे व्यक्ती-अभ्यासाला 'कमकुवत पद्धत' म्हणून उडवून लावू नका.

आणि प्रयोग केला म्हणजे विषय संपला, असंही नाही. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ होते, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे. पुन्हा केल्यावर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. याचा अर्थ बाकी सगळे खोटे होते असा नाही. पण एकाच अभ्यासावर भिस्त ठेवून ठाम विधान करायचं नाही, हे नक्की.

आता तुमची पाळी. समजा बातमी आहे: 'रोज डायरी लिहिणाऱ्यांना चिंता कमी.' व्हिडिओ थांबवा आणि तीन गोष्टी लिहा. डायरी लिहायची हे कोणी ठरवलं, त्या लोकांनी स्वतः की चिठ्ठीने? मुळात कमी चिंता असलेल्यांनाच डायरी लिहायला निवांतपणा मिळत असेल का? आणि हाच प्रश्न प्रयोगात बसवायचा तर तुमचा नियंत्रित गट त्या वेळात काय करेल? तिसरं उत्तर सगळ्यात अवघड आहे. कमेंटमध्ये लिहा, मी वाचणार आहे.