चिऱ्यावर चिरा: जैतुनाच्या डोंगरावरचं ते बोलणं

हे दगड नीट बघा. यरुशलेममध्ये यहुद्यांच्या जुन्या मंदिराच्या चौथऱ्याची पश्चिम भिंत जिथं दक्षिण भिंतीला मिळते, त्या कोपऱ्यात खाली, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर हा ढिगारा पडलाय आणि खोदकाम करणाऱ्यांनी तो बराचसा तसाच ठेवलाय. खालच्या फरशा बघा, वरून दगड आदळले तिथं त्या फुटल्यात, खचल्यात. बहुतेक पुरातत्त्वज्ञ म्हणतात की इसवी सन 70 मध्ये रोमन सैनिकांनी हे वरून ढकलून दिले.

1968 मध्ये बेंजामिन माझर यांच्या टीमला इथंच एक कोपऱ्याचा दगड मिळाला. त्यावर हिब्रू अक्षरं कोरलीत, शेवटचा शब्द अर्धा तुटलाय, आणि जेवढं वाचता येतं तेवढं असं, ‘तुतारी फुंकायच्या जागेसाठी’. म्हणजे शुक्रवारी दिवस मावळायला आला की याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, तिथं वर उभा राहून तुतारी फुंकायचा आणि खाली बाजारात लोक दुकानं आवरायला लागायचे, शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, सुरू झाला. मला हा दगड बघितला की तो आवाजच आधी आठवतो, पडझड नंतर.

आता मागे जाऊ, मंदिर पडलं त्या 70 सालाच्याही साधारण चाळीस वर्षं मागे. येशू आणि शिष्य मंदिरातून बाहेर पडतायत आणि एक शिष्य म्हणतो, गुरुजी, बघा तरी केवढे दगड, केवढ्या इमारती! गालीलातली साधी माणसं ती, त्यांचे डोळे दिपणारच, कारण हेरोद राजानं इसवी सनापूर्वी 20 च्या सुमारास काढलेलं हे काम अजून चालूच होतं आणि पायाच्या भिंतीत एक दगड तर तेरा मीटरहून लांब आहे, आजही जाऊन बघता येतो. जोसेफस हा त्या काळचा यहुदी इतिहासकार लिहितो की लांबून मंदिर बर्फानं झाकलेल्या डोंगरासारखं दिसायचं. आणि येशू काय म्हणतो? इथं चिऱ्यावर चिरा राहणार नाही.

मग किद्रोनचा ओढा ओलांडून ते जैतुनाच्या डोंगरावर बसतात, समोर अख्खं मंदिर, आणि पेत्र, याकोब, योहान, आंद्रिया हळूच विचारतात, हे कधी होणार? बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, 13 वा अध्याय म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. शेवटच्या काळाबद्दल आपण जे काही ऐकतो, लढाया, भूकंप, दुष्काळ, खोटे ख्रिस्त, त्यातलं बरंच इथून आलंय. पण लोक एक गोष्ट सोडून देतात. लढाया आणि भूकंप सांगून झाल्यावर येशू म्हणतो की घाबरू नका, अजून शेवट नाही, हा तर वेदनांचा प्रारंभ आहे. म्हणजे ज्या गोष्टी दाखवून आपल्याला व्हॉट्सअपवर ‘शेवट आला’ म्हणून फॉरवर्ड येतात, त्याच गोष्टींबद्दल तो म्हणतो, लगेच गडबडू नका.

मग पुढे काय झालं ते थोडक्यात. 66 मध्ये रोमन अधिकारी फ्लोरसनं मंदिराच्या खजिन्यातून 17 तालांत, म्हणजे बराच मोठा पैसा, उचलला, शहर पेटलं, बंड झालं. रोमन सेनापती व्हेस्पाशियन सैन्य घेऊन आला, मधेच तो सम्राट झाला आणि काम मुलाकडे, टायटसकडे आलं. 70 च्या वल्हांडणाला, यहुद्यांच्या या मोठ्या सणाला, शहर यात्रेकरूंनी गच्च भरलेलं असताना वेढा पडला. आत तीन गट एकमेकांशीच लढत होते, त्यात धान्याची कोठारं जळाली, आणि बाहेर रोमन लोकांनी तीन दिवसांत शहराभोवती भिंत बांधून सगळे रस्ते बंद केले. ऑगस्टमध्ये मंदिर जळालं. जोसेफसच्या सांगण्यावरून त्याचं बांधकाम पुरतं संपून तेव्हा जेमतेम सहा-आठ वर्षं झाली होती.

शहराच्या वरच्या भागातलं एक घर 1970 मध्ये नाहमान अविगाद यांनी खोदून काढलं, आज त्याला जळकं घर म्हणतात. काजळी, राख, दगडी भांडी, आणि एका वजनावर घराण्याचं नाव, बार कथरोस, याजकांचं घराणं. एका कोपऱ्यात भाला. आणि स्वयंपाकघराजवळ पायरीशी एका तरुण बाईचा हात, कोपरापासून खालचा, फक्त हाडं, बाकी काही नाही. मी इथं थांबतो, कारण या हाताशिवाय 13 वा अध्याय समजतच नाही.

तिथं येशू म्हणतो की यहुदीयात असतील त्यांनी डोंगरात पळून जावं, छपरावर असेल त्यानं सामान घ्यायला घरात उतरू नये, आणि मग म्हणतो, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांचे किती हाल होतील, आणि हे हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा. जगाच्या शेवटाबद्दल बोलताना त्याच्या मनात पावसानं भरलेले ओढे आहेत, जे कडेवर पोर घेऊन पार करता येत नाहीत. कोण कसं वाचेल याची काळजी आहे ही, माझ्या मते अख्ख्या अध्यायाचा जीव इथंच आहे. चौथ्या शतकातला युसेबियस लिहितो की यरुशलेमचे ख्रिस्ती लोक वेळेवर यार्देन नदीपलीकडे पेल्ला गावी निघून गेले. सगळ्या इतिहासकारांना ते पटत नाही, पण लढाईआधी लोक पळाले असतील यात नवल काही नाही.

मार्कनं हे लिहिलं तेव्हा मंदिर उभं होतं की पडलं होतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. काही ख्रिस्ती म्हणतात की यातलं जवळजवळ सगळं 70 मध्ये पूर्ण झालं, काही म्हणतात की नाही, मोठा भाग अजून यायचाय. मला वाटतं दोन्ही एकमेकांत विणलंय, जवळचा डोंगर आणि लांबचा डोंगर समोरून एकच दिसतात तसं. पण 32 व्या ओवीवर मी मागे हटणार नाही, तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही. इतकं स्पष्ट असूनही अमेरिकेत विल्यम मिलरनं बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांचा हिशेब लावला, त्याच्या मागच्या लोकांनी ख्रिस्त परत येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली, काहींनी शेतातलं पीक कापलंच नाही. रात्र सरली, सकाळ झाली. 2011 मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ प्रचारकानं 21 मे सांगितली, तीही गेली.

आणि एक मनापासून सांगायचंय. कित्येक शतकं ख्रिस्ती प्रचारकांनी हे पडलेलं मंदिर दाखवून यहुद्यांना ‘बघा, शिक्षा झाली’ म्हणून हिणवलं. हे चूक होतं, पाप होतं. लूकच्या शुभवर्तमानात येशू हे शहर बघून रडलाय, आणि त्या पायरीवरच्या हाताला बघून कोणी बोट दाखवू नये.

आजही यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवव्या दिवशी यहुदी लोक या मंदिराच्या दुःखात उपास धरतात, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. आणि आपल्याकडे अलिबागच्या किनाऱ्यावर, नवगावजवळ ज्यांचे पूर्वज गलबत फुटून उतरले असं ते सांगतात, त्या बेने इस्राएल म्हणजे मराठी यहुद्यांच्या घरांत, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांच्या घरांत, याच दिवसाला मराठी नाव पडलं, बिरड्याचा सण. उपास सुटला की पानात वालाचं बिरडं.