जपानच्या खेड्यात रात्री फोटोवर पट्टे का येतात?

नमस्कार मंडळी! जपानच्या गावरस्त्यांचे फोटो टाकल्यापासून एकच विचारणा सुरू आहे: "दादा, व्हेंडिंग मशीनवर पट्टे कसले?" आज तेच. अ‍ॅपर्चर, आयएसओ तुम्हाला येतंच.

हा बघा फोटो. नागानोतलं किसो खोरं, भातखाचराच्या कडेला एकटंच मशीन, मागे मिट्ट काळोख. आणि पांढऱ्या उजेडात आडवे करडे पट्टे. सायलेंट शटर (आवाज न करता फोटो ओळीओळीने टिपणारं), वेग १/१०० सेकंद. पुण्यात ट्यूबलाइटखाली हाच वेग मी डोळे झाकून लावतो.

घोळ तिथेच आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं; प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. किसोत ६० हर्ट्झ, म्हणजे १२० वेळा. शटरचा वेळ या लुकलुकण्याशी जुळला नाही की पट्टे येतात, म्हणून तिथे १/६० किंवा १/१२५ लावा.

काही जण लिहितात, "लेन्स बदला." अहो, लेन्सचा काय संबंध? प्रश्न विजेचा आहे. टोकियोने १८९५ मध्ये ५० हर्ट्झची जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने त्यानंतर ६० हर्ट्झची अमेरिकन. म्हणून आजही एकाच देशात दोन प्रकारची वीज आहे! शिझुओकातल्या फुजी नदीच्या आसपास ती बदलते.

तरी गोंधळ वाटला तर जागेवर तीन फोटो घ्या: १/६०, १/१००, १/१२५. स्क्रीनवर झूम करून पांढरा भाग बघा. काही एलईडी मशीनांवर पट्टे येतच नाहीत, पण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी गेलो, आणि अख्खी संध्याकाळ वाया गेली.

आता एक मनातलं. रस्त्याकडेला विक्रेत्याविना भाजीचे स्टॉल असतात, 'मुजिन हानबाई'. लाकडी फळी, पिशवीत चार काकड्या, शेजारी चीर पाडलेला पत्र्याचा डबा, वर हाताने लिहिलेलं १०० येन. लोक वीस फोटो काढतात आणि निघून जातात. मला खरंच वाईट वाटतं. पहाटे उठून कुणीतरी त्या काकड्या तोडल्यात. नाणं टाका, पिशवी उचला. आणि चांगल्या अँगलसाठी खाचराच्या बांधावर चढू नका. आपल्या गावात कुणी चढलं तर आजोबा काय म्हणतील, आठवा.

मी त्या काकड्या तिथेच, मशीनच्या उजेडात उभ्या उभ्या खाल्ल्या. मग शटर १/६० केलं. हा तो फोटो. एकही पट्टा नाही.