विसरलेल्या राजांची नावं कोरणारा राजपुत्र

श्रोतेहो, नमस्कार. इजिप्त म्हटलं की आपल्याला पिरॅमिड आठवतात, तूतनखामुनचा सोन्याचा मुखवटा आठवतो. आज मी सांगणार आहे ते कधीच गादीवर न बसलेल्या एका राजपुत्राबद्दल. खाएमवासेत त्याचं नाव.

इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकातला हा माणूस. वडील म्हणजे फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, दुसरा रामसेस. ६६ वर्षं राज्य केलेला, मुलंबाळं शंभराच्या घरात असलेला. खाएमवासेत हा त्याचा चौथा मुलगा, राणी इसेतनोफ्रेतच्या पोटचा. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नूबिया प्रदेशातल्या बेत अल-वाली मंदिराच्या भिंतीवर लढाईचं चित्र कोरलंय, त्यात हा लहानगा रथात दिसतो. पण त्याचा जीव रमला मेम्फिस या जुन्या राजधानीत, प्ताह देवाच्या मंदिरात. पुढे तो तिथला मुख्य पुजारी झाला. अपिस या पवित्र बैलांच्या दफनासाठी मेम्फिसजवळच्या सक्कारा या दफनभूमीत त्यानं जमिनीखाली दालनं खोदवली.

मला तो भावतो ते मात्र वेगळ्या कारणानं. त्याच्या काळातसुद्धा पिरॅमिड हजार वर्षांहून जुने होते! सक्कारातल्या उनास या प्राचीन राजाच्या पिरॅमिडवर त्या राजाचं नावच उरलं नव्हतं. खाएमवासेतनं ते पुन्हा कोरवलं. शेजारी वडिलांचं नाव आहेच, पण पिरॅमिड कुणाचा हे सांगायला तो विसरला नाही. आणि हे वडील कोण? आधीच्या राजांच्या पुतळ्यांवर बिनदिक्कत स्वतःचं नाव घालणारे! अशा घरात वाढलेल्या मुलाचं हे वागणं मला फार मोठं वाटतं.

एकदा ढिगाऱ्यात त्याला एक पुतळा मिळाला. कावाबचा, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूच्या मुलाचा. तोही राजपुत्रच, तेराशे वर्षांपूर्वीचा. खाएमवासेतनं तो उचलून नीट जागी ठेवला आणि त्यावर लेख कोरवला: जुन्या काळातल्या थोर माणसांवर आणि त्यांच्या उत्तम कामांवर आपलं प्रेम आहे, अशा अर्थाचा.

थोरले भाऊ वडिलांच्या हयातीतच गेले. वडिलांच्या राज्याच्या ५५व्या वर्षाच्या सुमारास खाएमवासेतही गेला. गादी मिळाली तेराव्या मुलाला, त्याच्या सख्ख्या भावाला, मेर्नेप्ताहला. खाएमवासेतचा मुलगा होरी मात्र पुढे वडिलांसारखाच प्ताहचा मुख्य पुजारी झाला.

कधी सक्काराला गेलात, तर उनासच्या पिरॅमिडच्या दक्षिण बाजूला आवर्जून जा. खाली पडलेले दगड जुळवून, उनासचं नाव सांगणारा खाएमवासेतचा तो लेख आता पुन्हा जागेवर बसवलाय.