पैलवानाचा खुराक आणि कॅमेऱ्याची लेन्स

मित्रहो, कोल्हापुरात कॅमेऱ्याविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने पहिल्या दोन मिनिटांत बाबूराव पेंटरांचे नाव घेतले नाही, तर त्याला चहा मिळत नाही, असा अलिखित नियम आहे. तेव्हा तो आधी पाळतो. बाबूराव आणि त्यांचे सहकारी दामले यांनी याच गावात कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. आजचा छापील विषय आहे 'आधी बॉडी की आधी लेन्स', म्हणजे पैसे आधी कॅमेऱ्याच्या मूळ पेटीवर घालावेत की तिच्या पुढच्या भिंगावर. या वादात 'आधी बॉडी' हे उत्तर मला बाबूरावांपुरते पूर्ण मान्य आहे, कारण त्यांच्यापुढे ती घडवण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे बॉडी असते, ती व्यवस्थित चालत असते, आणि तरीही दिवाळीच्या तोंडावर आपले मन दुसरीवर जाते. (बॉडीविषयीच बोलतो आहे, पहिल्या रांगेतील भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये.)

माझेही मन असेच गेले. काही वर्षांपूर्वी मी बारा हप्त्यांवर फुल फ्रेम सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग मोठा असलेली, बॉडी घेतली, आणि आठ वर्षे वापरलेली क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरची बॉडी भाच्याला देऊन टाकली. मात्र त्या बॉडीबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स माझ्याकडेच ठेवली, कारण हप्ते भरून नव्या लेन्सपुरते पैसे उरले नव्हते. दुकानदाराने 'ती लेन्स हिच्यावर बसते' एवढेच सांगितले होते, आणि ती खरोखरच बसली. बसणे आणि शोभणे यांतला फरक सांगण्याची त्याला गरज वाटली नाही, हे माझे त्याच्याविषयीचे जुने गाऱ्हाणे आहे.

पहिल्याच रविवारी पहाटे भाचा आणि मी एका जुन्या तालमीत गेलो. तालमीचा अंधार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे: जाड भिंती, वर एक झरोका, एक ट्यूबलाइट आणि खाली ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौदा. मी डोळा लावला, तर दृश्याच्या मधोमध एक चौकट दिसली. महागाच्या कॅमेऱ्यातील ती काही खास सोय असावी, असे मानून मी मनातल्या मनात हप्त्यांचे समर्थन केले. वास्तविक तो कॅमेरा मला सांगत होता की, ही लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली असल्यामुळे सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जाईल. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते आणि तो मधला तुकडा साधारण ३७० चौरस मिलिमीटरचा, त्यामुळे माझ्या २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम १० हाती लागत होते. ज्या मोठ्या सेन्सरसाठी मी वर्षभराचे हप्ते बांधून घेतले होते, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग त्या पहाटे रिकामा बसून कुस्ती पाहत होता.

याहून मोठी फजिती पुढेच होती. माझी लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नव्हती (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), त्यामुळे आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता, ६४०० वर नेऊनही शटरचा वेग १/६० सेकंदाच्या पुढे सरकेना. एका तरुण पैलवानाने जोडीदारावर ढाक हा डाव टाकला, मी नेमक्या क्षणी बटण दाबले, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन तांबूस ढग उमटले. शेजारी भाचा माझीच जुनी बॉडी घेऊन उभा होता. तिच्यावर त्याने ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही सगळ्यांत स्वस्त प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स बसवली होती आणि ती एफ/२ वर ठेवली होती. एफ/५.६, ४, २.८, २ असा हा तीन पायऱ्यांचा हिशेब असून प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. त्यामुळे त्याच आयएसओवर त्याला १/५०० सेकंद मिळाले. त्याच्या फोटोत बारीक दाणे जरूर दिसत होते, पण पैलवानही दिसत होता: त्याच्या टाचेखालून उडालेली माती हवेत थबकलेली होती आणि खांद्यावर चिकटलेले मातीचे कण मोजता येत होते.

वस्तादांनी दोन्ही पडदे निरखून पाहिले. माझ्याकडच्या किमती कॅमेऱ्याचा मान राखून ते म्हणाले, "नवा लंगोट लावला म्हणून कुस्ती निकाली हुत न्हाई, सर. खुराक काय घालताय त्येला?"

कॅमेऱ्याचा खुराक प्रकाश आहे आणि तो लेन्समधूनच पोटात जातो, हे वस्तादांना कोणत्याही माहितीपत्रकाशिवाय कळले होते. मी योग्य लेन्स लावली असती, तरी क्रॉपवरून फुल फ्रेमवर गेल्याने मला साधारण सव्वा पायरीचाच लाभ झाला असता. भाच्याने माझ्या हप्त्यांच्या तुलनेत किरकोळ रकमेत तीन पायऱ्या मिळवल्या होत्या. आता कोणी म्हणेल की खासबागेच्या कुस्ती मैदानात असे होत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे उघड्या आभाळाखाली दुपारचा प्रकाश भरपूर असतो. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात कोठेही बसले तरी कुस्ती दिसते, पण दिसणे वेगळे आणि गॅलरीतून ५५ मिलिमीटरच्या लेन्सने पकडणे वेगळे. तिथे लांब पल्ल्याची लेन्स लागते, म्हणजे प्रश्न पुन्हा लेन्सपाशीच येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलेला विषय अजून बाकी आहे, तेव्हा आता थोडक्यात सांगतो.

खरेदीपूर्वी आपले फसलेले पन्नास फोटो काढून बसावे आणि प्रत्येक का फसला, ते लिहावे. माणूस हलल्यामुळे अंधारात फोटो पुसट झाला असेल, विषय दूर राहिला असेल किंवा पाठीमागचा पसारा नको तितका स्पष्ट आला असेल, तर पैसे लेन्सवर घालावेत. कळंबा तलावावर उडणाऱ्या पक्ष्यावर फोकस वारंवार चुकत असेल, लग्नाच्या कामासाठी दोन मेमरी कार्डांची सोय हवी असेल किंवा व्हिडिओ मुख्य असेल, तर बॉडी बदलण्यात शहाणपण आहे आणि तिथे माझा हट्ट नाही. बॉडीतील स्थिरीकरण, म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी सोय, आपला हात सावरते, पैलवानाला थांबवत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरे, माउंट, म्हणजे बॉडी आणि लेन्स जोडणारे कडे, पाहावा. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आणि कॅननचा ईएफ १९८७ पासून चालत आला, म्हणून जुन्या लेन्स नव्या बॉडीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. अ‍ॅडॅप्टर नावाच्या जोडकड्याने जुन्या लेन्स बसतात, पण ज्या जुन्या निकॉन लेन्सना फोकससाठी बॉडीतील मोटर लागते, त्या निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर हातानेच फिरवाव्या लागतात. तेव्हा वर्षभरात मिररलेसवर जायचे नक्की असेल, तर आज जुन्या माउंटची महागडी लेन्स घेऊ नये.

तिसरे, लेन्स घेतलीच तर आपल्या पावसाळ्यात ती चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. बुरशीचे धागे काचेवर एकदा धरले की सहजासहजी पुसून जात नाहीत. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढ्यावर माझे काम भागते.

घंटा वाजली. दोन्ही फोटो छापून मागच्या टेबलावर ठेवले आहेत, ते शेजारी शेजारी धरून पाहावेत. आणि ती १८-५५ अजून माझ्याकडेच आहे. कोणाला हवी असल्यास चहाच्या वेळी भेटावे. बुरशी नाही, हे मी आज सकाळीच तपासले आहे.